पेणकरांचा तीन देशांचा तक्ता

"जर्मनीत रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. आवाजाला बंदी!" ही माहिती विनायक टिपणिसांनी त्या आठवड्यात चौथ्यांदा दिली आणि सॅम्युअल पेणकरांचा संयम संपला.

खांदा कॉलनीतल्या मैत्रबन सोसायटीच्या फाटकाशी सिमेंटचा एक बाक आहे. संध्याकाळी साडेपाच ते सात त्यावर तीन देश बसतात. डावीकडे जर्मनी, म्हणजे टिपणीस. त्यांचा एकुलता एक सत्यजीत स्टुटगार्टला मोटारी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मधे कॅनडा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका चारुताबाई गुप्ते. त्यांची अनुया टोरांटोच्या जवळ. उजव्या टोकाला इस्रायल, म्हणजे पेणकर, शनिवार पाळणारे बेने इस्रायली ज्यू. त्यांची आदिना अश्दोदच्या इस्पितळात नर्स. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत सोसायटीचे अध्यक्ष बाळू म्हात्रे, म्हणजे भारत. म्हात्र्यांच्या घरातलं कोणीच परदेशात नव्हतं. कॉलनी वसायच्या आधी इथे त्यांचं भाताचं शेत होतं. जग आपणहून त्यांच्या बांधावर येऊन राहिलं होतं, मग त्यांनी कशाला कुठे जायचं?

"रविवारी खिला नाय ठोकायचा, मंग ठोकायचा कवा?" म्हात्र्यांनी विचारलं.

"शनिवारी ठोकावा."

"शनिवारी पेणकरसायबांना नाय चालत. म्हंजे तुमी दोघं शेजारी रायलात तर भिंतीवर फोटोच लागायचा नाय."

चारुताबाई हसल्या. पेणकर हसले नाहीत. सरकारी सांख्यिकी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस असा सहजासहजी हसत नाही. दर आठवड्याला बाजारात जाऊन तूरडाळ, रॉकेल, धोतरजोडी आणि दाढीचं ब्लेड यांचे भाव टिपून घेणं हे त्यांचं काम. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला भावही त्यांनी कधी चार आण्यांनी कमी लिहिला नाही, आणि त्यापायी मेव्हण्याने सहा वर्षं अबोला धरला. अशा माणसासमोर कोणी 'आमच्या जर्मनीत म्हणजे ना' अशी सुरुवात केली की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा.

"टिपणीस," ते म्हणाले, "याला राहणीमान म्हणत नाहीत. याला जाहिरात म्हणतात. राहणीमान मोजावं लागतं."

"मग मोजा ना! सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मी 'जर्मनीतील जीवन' यावर बोलणारच आहे. त्याऐवजी तुम्ही बोला."

"एकाच देशावर बोलण्याला तुलना म्हणत नाहीत."

"मंग तीनीवर बोला," म्हात्र्यांनी निकाल दिला. "जर्मनी, कॅनडा, इस्रायल. कोन एक नंबर, कोन दोन, कोन तीन. दर साली त्यो डायबेटिसचा डॉक्टर येतो, त्यापरीस बरा. ठरला."

घरी येऊन पेणकरांनी बायकोला ही बातमी दिली तेव्हा बेलाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि आपली आदिना तिसरी आली तर?"

"आकडे सांगतील ते."

"आकड्यांना काय, त्यांना मुली नसतात," बेलाबाई म्हणाल्या आणि शेंगांकडे वळल्या.

पेणकरांनी प्रश्नावली तयार केली. अठ्ठावीस प्रश्नांत ती आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. पण प्रश्नावली चालू आहे ही बातमी बाकावर फुटली आणि लोक सूचना घेऊन यायला लागले. चारुताबाईंनी पहिल्याच दिवशी मुद्दा मांडला की संडासात पाण्याचा फवारा नसलेल्या देशाला प्रगत म्हणावं का, हे आधी ठरवा. अनुयाने तिकडे गेल्या गेल्या स्वतःच्या हाताने फवारा बसवून घेतला होता, त्यामुळे या बाबतीत कॅनडाचं पारडं जड होतं. टिपणिसांनी तातडीने हरकत घेतली की तो फवारा कॅनडाचा नाही, अनुयाचा आहे. यावर दोन संध्याकाळी गेल्या. म्हात्र्यांना 'पाण्याची टाकी किती महिन्यांनी धुतात' हा प्रश्न हवा होता, कारण आपली टाकी तीन महिन्यांनी धुतली जाते हे कोणाच्याच लक्षात येत नाही अशी त्यांची खंत होती. तळमजल्यावरच्या निशाताईंनी 'कामवाली मिळते का, आणि मिळाली तर टिकते का' असा दोन भागांचा प्रश्न सुचवला. त्या प्रश्नाला सगळ्या देशांत शून्य गुण पडणार हे उघड होतं. तरीही सोसायटीतल्या यच्चयावत बायकांनी तो लावून धरला.

प्रश्न चौऱ्याऐंशी झाले. पेणकरांनी ते स्वच्छ टाइप करून घेतले आणि खात्याच्या सवयीने पहिल्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'या प्रपत्रातील वैयक्तिक माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवण्यात येईल.' मग तिन्ही मुलांना पाठवून दिले. फॉर्म क्रमांक एक कॅनडा, क्रमांक दोन जर्मनी, क्रमांक तीन इस्रायल. स्वतःच्या मुलीला शेवटचा क्रमांक दिला, पक्षपाताची शंका नको म्हणून.

मधल्या काळात सभागृहाचा प्रश्न उपटला. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक उखडून ठेवलेले, तेव्हा शेजारच्या सेक्टरमधलं सभागृह घ्यायचं ठरलं. तिथल्या खिडकीत एक फॉर्म मिळाला. 'कार्यक्रमाचे स्वरूप: लग्न / साखरपुडा / वाढदिवस / इतर.' पेणकरांनी 'इतर'वर खूण करून पुढे सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'परराष्ट्रांची तुलना'.

खिडकीतल्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. "परराष्ट्र? मग पोलिसांचं पत्र लागेल."

"अहो, व्याख्यान आहे. ज्येष्ठ नागरिक आहोत आम्ही."

"ज्येष्ठ नागरिकच जास्त बोलतात," गृहस्थ म्हणाले. त्यांचा अनुभव दांडगा असावा.

पेणकर पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, आस्थेने चौकशी केली. "कोणत्या देशाच्या विरोधात आहे?"

"विरोधात नाही. तुलना आहे. कुठलं राहणीमान चांगलं, ते."

हवालदारांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या मेव्हण्याला कॅनडाला जायचं होतं. तिथे थंडी किती, घर मिळतं का, आणि जावयाला मान असतो का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. पेणकरांनी पहिल्या दोहोंची उत्तरं दिली आणि तिसरा प्रश्न प्रश्नावलीतून राहून गेल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तासाभराने हवालदार म्हणाले, "पत्राचं काय आहे काका, आम्ही दिलं तर पुढे कोणी विचारेल हे पत्र का दिलं. त्यापेक्षा वाढदिवस लिहा ना."

पेणकर तीन दिवस 'वाढदिवस' लिहायला तयार नव्हते. खोटी नोंद! चौथ्या दिवशी बेलाबाईंनी आठवण करून दिली की सव्वीस जानेवारी हा प्रजासत्ताकाचा वाढदिवसच आहे. या युक्तिवादात त्यांना कुठेही चूक सापडेना. सभागृह मिळालं. मात्र वाढदिवसाच्या नोंदणीबरोबर फुगे आणि एक सोनेरी पडदा सक्तीचा होता.

उत्तरं यायला लागली. अनुयाने चौऱ्याऐंशी प्रश्नांना एकच सव्वीस मिनिटांचा आवाजी निरोप धाडला, त्यात मधून मधून बर्फ खरवडल्याचा आवाज. त्यातून पेणकरांना कळलं की चारुताबाई ज्याला 'गार्डन लेव्हल' म्हणतात ते घर जमिनीच्या खाली आहे आणि खिडकीतून बाग दिसते ती तिच्या मुळांच्या बाजूने. घरच्या डॉक्टरसाठी ती दीड वर्ष प्रतीक्षा यादीत होती. पण वाचनालय इतकं सुंदर की सांगता सांगता पोरीचा आवाज बदलला. पेणकरांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. चारुताबाईंना यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही.

आदिनाचा फॉर्म नीट भरलेला, नर्सच्या शिस्तीत. 'खोल्या किती' यापुढे लिहिलं होतं: 'तीन, आणि एक काँक्रीटची, रॉकेटचा सायरन वाजला की बसायची.' पेणकर त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. काँक्रीटची खोली मोजायची का? नियमाप्रमाणे चार भिंती, दार आणि छप्पर असलं की ती खोली. मोजली तर आदिनाचे गुण वाढतात. पण जी खोली आपल्याला नको असते ती राहणीमानात वाढ करते की घट, याला खात्याच्या नियमावलीत उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनी ती मोजली नाही. बेलाबाई दोन दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

"मी जाऊन राहून आलेय त्या घरात," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "त्या खोलीत पोरीने पुस्तकांचं कपाट ठेवलंय. दिवाही ठेवलाय. ती खोलीच आहे."

"मग दिव्याला एक गुण देतो," पेणकर म्हणाले आणि खरंच दिला.

सत्यजीतचा फॉर्म सगळ्यात शेवटी आला, आणि तो फारच गोजिरा होता. सगळ्या प्रश्नांना 'उत्तम', 'समाधानकारक', 'लागू नाही'. सत्तावन्नावा प्रश्न होता, 'मिळकत अचानक थांबल्यास आहे तसे राहणीमान किती महिने टिकेल?' अनुयाने दोन महिने सांगितले होते, आदिनाने तीन. सत्यजीतने लिहिलं होतं, 'लागू नाही.'

तेहतीस वर्षांच्या अनुभवातून पेणकरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दुकानदार 'सगळं उत्तम आहे' म्हणाला की वजनकाटा तपासायचा. खात्यात याला पुनर्तपासणी म्हणत आणि ती न कळवता करायची असे. एका मंगळवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे जर्मनीत सकाळी साडेदहाला, त्यांनी सत्यजीतला व्हिडिओ कॉल लावला. फोन ऑफिसात वाजेल, पोरगा बाहेर येऊन बोलेल, मागे ऑफिसची भिंत दिसेल. तेवढी नोंद त्यांना पुरे होती.

फोन उचलला गेला. सत्यजीत इस्त्रीचा निळा शर्ट घालून बसला होता. "बोला काका!"

"ऑफिसात आहेस ना? दोनच मिनिटं घेतो. प्रश्न एकवीस, फ्रीज. दाखवता येईल का? ऑफिसातला नाही रे, म्हणजे नंतर घरी गेलास की..."

मागे कुकरची शिट्टी वाजली. सत्यजीत दचकून उठला आणि गॅसकडे धावला. धावताना फोन टेबलावर कलंडला आणि पेणकरांना दिसलं की निळ्या शर्टाखाली हत्तींची नक्षी असलेला पायजमा आहे.

तो परत आला. त्याने फोन सरळ केला. मंगळवारी सकाळी साडेदहाला घरात कुकर लावणारा इंजिनिअर, हे निरीक्षण कोणत्या रकान्यात लिहायचं ते पेणकरांना समजेना.

"सप्टेंबरमध्ये कंपनीने आमचा सगळा विभाग बंद केला, काका," सत्यजीत म्हणाला. "पाच महिने होत आले. बाबांना सांगितलेलं नाही. ते रोज फोन करतात, कधी ते नेम नाही. म्हणून सकाळपासून शर्ट घालून बसतो. तुमचा आला, वाटलं तेच."

"आणि राहतोस कसा?"

"तोच तर विनोद आहे." सत्यजीत हसला, पण चांगलं हसला. "तसाच राहतो. इतकी वर्षं पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, तेव्हा मी चिडायचो. आता तिकडून दर महिन्याला पगाराचा मोठा हिस्सा येतो. घर तेच. डॉक्टर तोच. वर भाषेचा वर्गही फुकट आहे. माझी नोकरी गेली आणि माझं काहीच गेलं नाही. फक्त बाबांना तोंड दाखवायची हिंमत गेली. ते तिथे सगळ्यांना माझं सांगत असतात ना, म्हणून."

पेणकरांनी पेन उचललं. सत्तावन्नाव्या प्रश्नापुढचं 'लागू नाही' खोडून त्यांनी लिहिलं: 'पाचवा महिना चालू. बदल नाही. प्रत्यक्ष अनुभव.' तेहतीस वर्षांत इतकं अस्सल उत्तर त्यांच्या हाती आलं नव्हतं. बाकीच्यांनी अंदाज सांगितले होते. हा पोरगा त्यात राहून दाखवत होता. बाकी प्रश्नांना एकेक गुण होता, याला दहा. दहापैकी दहा. तक्त्याची बेरीज उलटली. जर्मनी तिसऱ्या नंबरावर होती ती उडी मारून पहिल्या नंबरावर आली.

"काका, तुम्ही कोणाला..."

"फॉर्मच्या माथ्यावर काय लिहिलंय वाचलंस ना?" पेणकर जरा दुखावल्या स्वरात म्हणाले. "मग?"

आणि त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. बेलाबाईंनासुद्धा नाही, आणि हे एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. अडचण मात्र मोठी होती. जर्मनी पहिली आली ती ज्या एका ओळीमुळे, ती ओळ लोकांना दाखवायची सोय नव्हती. ओळ गाळावी तर निकाल खोटा. प्रश्नाचं नाव बदलावं तर उत्तरं भरून आल्यावर प्रपत्रात बदल करता येत नाही, हा नियम. पेणकरांनी खूप विचार केला आणि शेवटी सत्तावन्नाव्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून सगळी सोसायटी सभागृहात आली. व्यासपीठावर सोनेरी पडदा, त्याला गुलाबी फुग्यांची कमान. त्या कमानीखाली पेणकर उभे राहिले, बंद गळ्याचा कोट घालून. मागे भिंतीवर सहा कार्डशीट जोडून केलेला तक्ता. समोर सत्तरेक माणसं, कारण नंतर इडली-वडा आहे हे म्हात्र्यांनी जाहीर केलं होतं. एक पोरगी पुढे होऊन उत्सवमूर्ती कोण म्हणून विचारून गेली.

पाऊण तास पेणकर सुरेख बोलले. राहणीमान म्हणजे नुसती मोठी गाडी आणि रुंद रस्ता नव्हे. आजारी पडल्यावर डॉक्टर किती दिवसांनी भेटतो, म्हातारपणी जिना चढवणारं कोण असतं, रविवारी झोप मिळते का, हे सगळं त्यात येतं. रविवारचा उल्लेख आल्यावर टिपणिसांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. अनुयाचं वाचनालय आलं तेव्हा चारुताबाईंनी पदर सारखा केला. नावं कोणाचीच नव्हती, पण नावांची गरजही नव्हती.

"एकूण गुण," पेणकर म्हणाले. "जर्मनी एकाहत्तर, कॅनडा अडुसष्ट, इस्रायल सदुसष्ट. पहिला नंबर जर्मनीचा."

टिपणीस उभे राहिले. त्यांनी हात जोडून सभेला वंदन केलं, जणू स्टुटगार्टचे महापौर तेच. टाळ्या पडल्या. इडलीच्या दिशेने हालचाल सुरू झाली.

"एक मिनिट," चारुताबाई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि पेणकर बोलत असताना त्या तोंडी बेरीज करत होत्या. "मला दिसतात त्या आकड्यांची बेरीज जर्मनी एकसष्ट, कॅनडा सहासष्ट, इस्रायल चौसष्ट अशी येते. जर्मनी तिसरी आहे."

इडलीकडे निघालेले लोक परत वळले. मागे एक फुगा पडद्याला घासल्याचा आवाज ऐकू आला.

"त्या पट्टीखाली काय आहे?" चारुताबाईंनी विचारलं.

"एक ओळ आहे."

"जर्मनीला दहापैकी दहा देणारी? कसली ओळ?"

"ते सांगता येणार नाही. वैयक्तिक माहिती आहे."

"वैयक्तिक?" आता टिपणीस पुढे आले. "पेणकर, जर्मनीला दहा कशाचे मिळाले ते लोकांना कळलं पाहिजे. काढा ती पट्टी!"

"टिपणीस, बसा."

"का बसू? माझ्या मुलाच्या देशाला न्याय मिळालाय आणि तो तुम्ही झाकून ठेवता? की उपकार म्हणून दहा गुण घातलेत? असले उपकाराचे गुण सत्यजीतला नकोत! म्हात्रे, काढा हो पट्टी!"

म्हात्रे उठलेही. पेणकर मागे सरकले आणि त्यांनी पट्टीवर तळहात दाबून धरला. कोटाची बाही कमानीत अडकली, दोन फुगे फुटले. अडुसष्ट वर्षांचा ताठ माणूस फुग्यांखाली भिंतीला हात लावून उभा आणि समोर सत्तर लोक. मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइलवर ते टिपत होतं.

"म्हणजे तुमची बेरीज चुकली," चारुताबाई जरा मवाळपणे म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण त्यांना वाट काढून देतोय. "होतं असं वयोमानाने. चुकली म्हणा, आपण दुरुस्त करू."

पेणकरांची बेरीज! एकदा वरिष्ठांनी मंत्रालयातून फोन करून 'आकडा जरा खाली आणा' म्हटलं होतं, तेव्हा याच माणसाने 'तुम्ही येऊन पुन्हा मोजा' म्हणून फोन ठेवला होता. त्यांनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस रागाने लाल झाले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला जर्मनीचा छोटा झेंडा टोचलेला होता.

"जर्मनी पहिली आहे," पेणकर म्हणाले. "कारण मी सांगणार नाही. माझी बेरीज चुकली असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं समजा."

त्यांनी तक्ता उतरवला, पट्टीसकट गुंडाळला आणि इडली न खाता घरी गेले.

पुढचे नऊ दिवस ते बाकावर आले नाहीत. भाजीवाल्याने सुटे पैसे देताना "काका, बेरीज बघून घ्या हां" म्हटलं ते बहुधा सवयीने असेल, पण पेणकरांनी त्याच्याकडून भाजी घेणं बंद केलं. सोसायटीच्या ग्रुपवर फुगे फुटण्याचा व्हिडिओ फिरत होता. खाली कोणीतरी 'हॅपी बर्थडे जर्मनी' असं लिहिलं होतं.

"तुमची बेरीज चुकत नाही," बेलाबाई म्हणाल्या. "काहीतरी लपवलंत."

"लपवलं नाही. ठेवलंय."

बेलाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी आदिनाला फोन करून सांगितलं, "तू तिसरी आलीस. पण तुझा बाप पहिला आलाय. कशात ते मला माहीत नाही."

दहाव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात टिपणीस. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ते आत येऊन बसले, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलून रिकामाच तोंडाला लावला.

"सत्यजीतचा फोन आला होता," ते म्हणाले. "त्याने तो व्हिडिओ पाहिला. कोणीतरी पाठवला त्याला. मग सगळं सांगितलं. सप्टेंबरपासून... आणि मी रोज विचारत होतो, आज ऑफिसात काय केलंस म्हणून. आणि तो रोज काहीतरी सांगत होता." त्यांनी पेला खाली ठेवला. "पेणकर, तुम्हाला माहीत होतं."

"मला काही माहीत नाही."

"अहो, त्याने स्वतः मला सांगितलं, की काकांना..."

"फॉर्म क्रमांक दोन गोपनीय आहे, टिपणीस."

टिपणीस त्यांच्याकडे बघत राहिले. सत्तर माणसांसमोर आपण या माणसावर ओरडलो, आणि हा माणूस आपल्याच घराची लाज तळहाताखाली दाबून उभा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. मग त्यांनी विचारलं, "पण मग पहिला नंबर का हो दिलात? नोकरी गेलेल्या पोराचा देश पहिला?"

"मी कोण देणार? आकड्यांनी दिला." पेणकरांनी घसा साफ केला. "आता सर्वसाधारण बोलतो, कोणाचं नाव न घेता. कमावता असताना सगळ्याच देशांत माणूस बरा राहतो. कमाई थांबल्यावर जो देश माणसाला होता तसा राहू देतो, त्याचं राहणीमान मोठं. असं मला पाहणीत आढळलं."

टिपणिसांनी डोळे पुसले. बेलाबाईंनी चहा आणला, तेव्हा ते दोघं आठ मिनिटं न बोलता बसले होते. टिपणिसांच्या बाबतीत हा सोसायटीतला उच्चांक असावा.

पण टिपणीस शेवटी टिपणीसच. त्या संध्याकाळी ते बाकावर जाऊन उभे राहिले, बसले नाहीत. पेणकरांनाही त्यांनी हाताला धरून खाली आणलं होतं.

"म्हात्रे, चारुताबाई, सगळ्यांनी ऐका," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "माझा सत्यजीत पाच महिने बेकार आहे!"

फाटकाशी दूधवाला थांबला.

"पाच महिने! आणि घर तेच, डॉक्टर तोच, जेवण दोन वेळ, वर सरकार त्याला फुकट भाषा शिकवतंय. नोकरी गेली, पण पोराचं वजन दीड किलोने वाढलंय! सांगा, आहे का कुठल्या देशात असं? चारुताबाई, तुमच्या कॅनडात आहे का?"

चारुताबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या मनात काय उलथापालथ झाली कोण जाणे. मग त्याही उभ्या राहिल्या. "बेकारीचं मला सांगू नका. माझी अनुया दोन वर्षांपूर्वी चार महिने बेकार होती आणि जमिनीखालच्या घरात राहते. खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात! पण रोज वाचनालयात जाऊन पोरगी परीक्षा पास झाली. मी कोणाला बोलले का? आता बोलते."

"आमच्या आदिनाकडे एक काँक्रीटची खोली आहे," बेलाबाई वरून, गॅलरीतून म्हणाल्या. "त्यात ती शेजारच्या चार मुलांना घेऊन बसते. गाणी म्हणते." एवढं बोलून त्या आत निघून गेल्या.

मग म्हात्र्यांनी खुर्ची पेणकरांकडे वळवली. "सायेब, म्हंजे तुमाला समदा ठावूक होता. त्या दिवशी पट्टीखाली ह्येच होता ना?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आता त्यो सोताच बोंबलून सांगतोय की!"

"ते त्यांनी सांगितलं," पेणकर म्हणाले. "मी नाही."

चारुताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घातली. "पेणकर, तुमची बेरीज बरोबर होती," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या तोंडून हे वाक्य सोसायटीत आजवर कोणीच ऐकलं नव्हतं. म्हात्र्यांनी खुर्चीवरून उठून जागा करून दिली. टिपणिसांनी तिथे आलेल्या एका अनोळखी कुरिअरवाल्याला हाताने थांबवून सांगितलं, "हे आमचे पेणकर. यांच्या पोटातून कोणाची गोष्ट बाहेर यायची नाही. असा माणूस तुम्हाला स्टुटगार्टला नाही मिळणार." टिपणीस जर्मनीच्या विरोधात बोलले ते हे पहिलंच वाक्य.

पेणकरांनी "ठीक आहे, ठीक आहे" म्हटलं आणि फार वेळ न थांबता घरी निघाले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे एरवी ते दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून दोन मिनिटं दम खातात. त्या दिवशी ते कुठेच थांबले नाहीत. पाठ ताठ, हात मागे, एकेक पायरी मोजून टाकत असे काही चढले की आपला मजला कधी मागे पडला ते त्यांना कळलंच नाही, आणि समोर गच्चीचं कुलूप आलं तेव्हा भानावर येऊन एक मजला खाली उतरले.